फोटोची जागा

मखमलाबादच्या मळ्यात नवं घर उभं राहिलं आणि सिंधुबाईंच्या पायाला भिंगरी लागली. भिंतींचा रंग त्यांनीच निवडला. दुकानातल्या पुस्तकात मनासारखा सापडेना, तेव्हा त्यांनी मळ्यातली पिवळी शेवंतीच नेऊन दाखवली.

रंग वाळल्यावर फकिरा पेंटरनं विचारलं, "वहिनी, या भिंतीवरचा फोटो कधी उतरवला?"

"नव्या घरात कुठला आलाय फोटो?"

पण दारासमोरच्या भिंतीवर चौकोन होता. वर्षानुवर्षं टांगलेला फोटो उतरवल्यावर दिसतो तसा, भोवतीपेक्षा ताजा. फकिरानं तीनदा रंग दिला. तिन्ही वेळा तो पुन्हा उमटला.

"राहू दे, काहीतरी लावू तिथं," सिंधुबाई हसल्या.

संध्याकाळी त्यांचे मालक, गोरक्षभाऊ, फ्रेम घेऊन आले. फूलबाजारातल्या सत्काराचा त्यांचा फोटो, फेटा बांधलेला. "तुला आवडतो म्हणून मोठा करून आणला." त्यांनी तो चौकोनावर धरला. बरोब्बर बसला.

सिंधुबाई कौतुकानं दोन पावलं मागे सरल्या. मघापर्यंत नसलेलं काहीतरी त्यांना भिंतीवर दिसलं. फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी उतरून खाली मिळालेला, रोज ताजा हार घातल्यानं पडतो तसा डाग.

"सरळ हाय ना गं?" गोरक्षभाऊंनी विचारलं.