नुसतं बसायचंय

"नुसतं बसायचंय तिला, मॅडम. खो मिळालाच तर एखाद-दोन वेळा उठायचं," ढोबळे सर पुन्हा म्हणाले. खो-खोची राज्यस्पर्धा परवावर आली होती आणि त्यांना आर्वी संघात हवी होती.

डॉ. ठोंबरेंच्या डोक्यात तिडीक गेली. गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम सहा आठवडे झालेले, आणि हा माणूस पोरीला उकिडवं बसवायला निघालाय! आर्वी समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती.

"मला नाही दुखत," ती पुटपुटली. सरांनी पढवलेलंच असणार.

"नाही ना दुखत? मग तुम्हीच बघा, सर," म्हणत डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यावर वेदनापट्टा आवळला. तसलाच पट्टा आर्वीच्या गुडघ्यावर होता. तिथली कळ इथे जशीच्या तशी उमटायची. बटण दाबताच सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही तिची खुर्चीत बसल्यावरची कळ आहे," डॉक्टर कडाडल्या. "आता उकिडवं बसून दाखवा!"

सरांचा तोल गेला. "सर!" म्हणत आर्वी त्यांना सावरायला सवयीने उठली.

किंकाळी सरांच्या तोंडून निघाली. आर्वीने हूं की चूं केलं नाही.