बोट बघून घे

भय्यासाहेबांनी मोबाइलवर कुठंसं वाचलं, की आईच्या पोटात असताना बाळाला पुरुषी हार्मोन जास्त मिळालं तर त्याची अनामिका तर्जनीपेक्षा लांब होते म्हणे, आणि असं माणूस पुढे कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यांना तर ऐकणारी सून हवी होती. नेमका त्याच वेळी त्यांचा मुलगा रुचिर स्थळ म्हणून आलेल्या अश्लेषाला भेटायला राम घाटावर गेला होता. त्यांनी घाईघाईनं त्याला मेसेज टाकला, ‘बोट बघून घे. दुसऱ्यापेक्षा लांब असेल तर नको.’

रुचिर परतला तो हसतच. “पप्पा, बोट एकदम छोटी होती. मी हो म्हणून आलो.”

‘छोटी’ ऐकून भय्यासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. पण उज्जैनमध्ये वाढलेल्या पोराचं मराठी असंच, म्हणून त्यांनी तिकडे कानाडोळा केला आणि पेढे आणायला निघाले.

रविवारी अश्लेषा आईवडिलांबरोबर घरी आली. “काय गं, घाटावर काय काय बोललात?” भय्यासाहेबांनी कौतुकानं विचारलं.

“बोलणं कुठलं, काका! तुमचा मेसेज आला म्हणून रुचिरनं घाटावरची सगळ्यात छोटी बोट ठरवली. नदीत मधोमध ती डगमगायला लागली, तशी यानं घाबरून नाववाल्यालाच मिठी मारली. शेवटी मी दोघांना दम देऊन गप्प बसवलं आणि चप्पू घेऊन नाव मीच वल्हवली.”