दाराबाहेरचा तास

हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येणार नाही, असा कॉलेजचा नियम होता. कुणी गैरहजर असलं, की मैत्रिणी आवाज बदलून "हजर" म्हणायच्या. नवी मुलगी तापाने फणफणली, तेव्हा मात्र कुणी तोंड उघडलं नाही. "एकही मैत्रीण नाही का गं तुला?" मॅडमनी काल विचारलं. "आता तास बुडला, तर मीही काही करू शकणार नाही, बाळ." आज नेमकी बस चुकली. ती धापा टाकत दाराशी पोचली, तेव्हा आत मॅडमनी तिचंच नाव पुकारलं. "हजर, मॅडम!" मागच्या बाकावरून घोगरा आवाज आला. "सर्दी झाली वाटतं?" "हो ना, मॅडम!" वर्ग खुदकन हसला. ती आत गेली असती, तर बोलणारी पकडली गेली असती. आवाज कुणाचा असेल, या विचारात ती तासभर बाहेरच उभी राहिली.