कुर्माघराची वाट

दोन मर्यादा एकाच माणसापुढे उभ्या ठाकल्या आणि एक राखली तर दुसरी मोडते असे झाले, म्हणजे त्याने कोणती मोडावी, हे सांगणारे शास्त्र अद्याप कोणी रचलेले नाही. धानोऱ्यापलीकडच्या जंगलातल्या एका वस्तीत, दिवस कलताना, लालसू अशाच ठिकाणी उभा होता.

समोर कुर्माघर होते. पाळीच्या दिवसांत बायकांनी घराबाहेर राहायचे ते कुडाचे खोपटे. आत त्याची बायको मैनी होती. पुरुषाने तिकडे पाऊल टाकायचे नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लालसूच्या मुठीत मैनीची गोळी होती. स्वतःची त्याने नुकतीच घेतली होती.

एचआयव्हीचे दुखणे दोघांना एकाच वर्षी निघाले. गोळी एकच, रोजची. घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. काल तो दोघांच्या गोळ्या आणायला गेला, तेव्हा दवाखान्यातल्या रिनाबाईंनी त्याला बसवून घेतले होते.

"लालसूभाऊ, तुमचा आजार थांबला, अन् मैनीचा धावून राह्यला. काऊन? घरात टीबी हाय का कोनाले? पोटभर जेवते ना ती? गोळी चुकते?"

टीबी नव्हता. जेवण दोघांचे सारखेच होते.

"घडीघडी खंड पडला तं गोळी लागू पडत नाई, भाऊ. मंग एड्सले वेळ नाई लागत."

गोळी मात्र चुकत होती. डबी घरात आणि मैनी बाहेर, असे दर महिन्याला होत होते. गोळ्या पदरात बांधून न्याव्या, तर खोपट्यात आडोसा नव्हता. आताही आत शेजारच्या हेमराजची बायको होती.

त्याची आई सुकरी पानावर भात घेऊन आली. लालसूने मूठ उघडली.

"माय, हे तिले दे."

"काय होय?"

"डोकं दुखते तिचं."

"डोकं तिच्यापाशी हाय. तुले इथी उभ्यानं कसं समजलं?"

खोपट्यातून हेमराजची बायको हसली. "काकी, लेकाले दावनीले बांध! बायकोबिगर घास उतरत नाई वाटते त्याच्या गळ्याखाली."

मैनी दाराशी आली होती. तिच्या गळ्याची हाडे वर आली होती. तिने लालसूकडे पाहून मान हलवली: नको.

डोके दुखते म्हटल्याने आजची गोळी तिच्या पोटात गेली असती. उद्या काय म्हणावे? पुढल्या महिन्यात काय? लालसूने एक पाऊल पुढे टाकले.

"डोकं नाई, माय. एचआयव्ही हाय. आमाले दोघाइले. माही गोळी सुटत नाई. तिची इथी सुटते. अशीच सुटत राह्यली, तं ती जाईन."

आतले हसू थांबले. सुकरी हातातल्या भाताकडे पाहत राहिली. मग लेकाच्या छातीला कोपर लावून तिने त्याला मागे सारले.

"तू नको जाऊ. उद्या दंड कराले गाव बसवाव लागन तुह्यापायी."

तिने गोळी घेऊन भातावर ठेवली. रीतीप्रमाणे पान दाराबाहेर जमिनीवर टेकवले आणि ती मागे सरली. मैनीने गोळी उचलून तोंडात टाकली, ओंजळ धरली. सुकरीने तांब्या उंच धरून, तिला हात न लावता, वरून धार सोडली.

"गीळ. मी पाहून राह्यली. उद्या बी पाहीन."

हेमराजची बायको भिंतीकडे तोंड करून बसली होती. दयेने की भयाने, ते लालसूला इतक्या दुरून कळेना. आणि जवळ जाणे त्याला शक्य नव्हते.

कल्याण असो त्या तिघींचे, आणि तेथेच उभ्या राहिलेल्या त्याचेही.