पहिली पिवळी मामांच्या हातून

वनखात्याच्या मॅडम माइकवर पिवळीच्या झुडपाचे गुण सांगत होत्या आणि पुढच्या खुर्चीत बसलेले टेकडीमामा एकेका गुणाला मान डोलवत होते. कुठेही रुजते. पाणी मागत नाही. गुरं तोंड लावत नाहीत. कापली तरी महिन्याभरात पुन्हा फुटते. मामांना भरून आलं. वनखात्यात गार्ड म्हणून त्यांनी उभी हयात याच टेकडीवर काढली होती, म्हणून तर लोक त्यांना टेकडीमामा म्हणत. नोकरीत असताना पिवळीबद्दल कुणी चार शब्द बरे बोललं नव्हतं. निवृत्तीनंतर का होईना, कुणाला तरी कळलं म्हणायचं.

शेजारी लेक बसली होती. तिने मंडपावरचा फलक वाचला आणि काय चाललंय ते तिच्या ध्यानात आलं. ‘उपद्रवी वनस्पती निर्मूलन मोहीम’. फलक मामांनीही वाचला होता, पण उपद्रवी म्हणजे खालच्या ओढ्यातलं काटेरी रान असणार, असं धरून ते निवांत होते. पिवळी आणि उपद्रवी, हे दोन शब्द एकत्र येतील असं त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं.

खात्याचंही नेहमीचंच. मोहिमेला टेकडीशी संबंधित कुणी ज्येष्ठ माणूस पाहिजे, असं वरून आलं. कचेरीतल्या कुणीतरी मामांचं नाव सुचवलं, दुसऱ्याने फोन लावला. मामांनी टेकडीवर इतकी वर्षं केलं काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

“बाबा, घरी जाऊ या का?” लेक हळूच म्हणाली.

मामांनी तिला डोळ्यांनीच दटावलं. बोलावलेला माणूस मधूनच उठून जातो का कुठे?

मग मॅडम पुढे बोलायला लागल्या. या झुडपाने टेकडी गिळली आहे. याच्याखाली गवत उगवत नाही, झरा आटला, पाखरं गेली. सरकारने सार्वजनिक जमिनींवरून ते काढायला निधी दिला आहे, आणि वर्षअखेरीच्या आत काम सुरू झालं नाही तर तो परत जाईल. तेव्हा पहिलं झुडूप आज टेकडीमामांच्या हातून उपटायचं, म्हणजे त्याचा फोटो वर पाठवता येईल. टाळ्या पडल्या. कुणीतरी मामांच्या हातात हातमोजे दिले.

मामा हातमोजे घेऊन तसेच बसून राहिले. “आपली पिवळी?” त्यांनी लेकीला विचारलं. तिने मान हलवली.

“असं कसं? खात्यानेच तर दिली होती.”

खोटं नव्हतं ते. रोपं ट्रक भरभरून आली होती. उघडी टेकडी हिरवी करायची म्हणून तेव्हाही सरकारचा निधी होता, तोही वर्षअखेरीच्या आत संपवायचा होता, म्हणून भर उन्हात लागवड उरकली होती. पिवळी पाणी मागत नाही हे ठाऊक असूनही पहिल्या उन्हाळ्यात मामांनी खांद्यावरून पाणी वाहिलं. लेकीची आई चिडवायची, पोरीला कधी कडेवर घेतलं नाही, पण झुडपांचे लाड बघा. आणि आता ते तण म्हणे. ते तण, तर मग मी आयुष्यभर केलं काय? एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. मामांना राग येईना आणि रडूही येईना.

ते उठून मॅडमकडे गेले. सगळी टेकडी आपण लावली हे त्यांनी सांगितलं, तेव्हा मॅडमचा चेहरा उतरला. बाई मनाने वाईट नव्हती. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा मामा, उपटेल दुसरं कुणीतरी, म्हणाली.

“तेव्हा चुकलं होतं का?” मामांनी विचारलं.

“नाही हो. तेव्हा तेच बरोबर होतं.”

“आणि आता?”

“आता हे बरोबर आहे.”

मामांनी दोन्ही बरोबर मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. जमेना. पलीकडे कुदळी घेऊन रोजंदारीच्या बायका कामाची वाट पाहत बसल्या होत्या. मामांनी हातमोजे चढवले. खात्याने सांगितलं की करायचं, एवढं एकच त्यांना आयुष्यभर नीट जमलं होतं.

पिवळी हलेना. मामांनी ओढली, लेकीने हात लावला, शेवटी मॅडमनीही पदर खोचला. काय पण मूळ धरलंय, म्हणून मामांना मनातून बरं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. मूळ तुटून आलं, तिघं मागे धडपडली, आणि नेमका तोच फोटो निघाला.

आता त्याच खड्ड्यात इथल्या मातीतलं अस्सल झाड लावायचं होतं. मॅडमनी रोप पुढे केलं, नाव सांगितलं, गुण सांगायला सुरुवात केली. मामांनी ते ऐकले नाहीत. गुडघ्यावर बसून त्यांनी रोप सरळ धरलं, भोवताली माती लोटली आणि हात झटकून उभे राहिले.

“बाबा, माती दाबायची राहिली,” लेक म्हणाली.

“सैलच राहू दे,” मामा म्हणाले. “पुढे उपटायला येतील, त्यांना सोपं जाईल.”