शेषरावांची समाधी

"ही झोप नाही डॉक्टरीणबाई, समाधी हाय," खुर्चीत आडवे पडलेले शेषराव म्हणाले.

डॉ. पद्मजा खामगावच्या दातांच्या डॉक्टर. शेषराव दाढ दाखवायला आले, तेव्हा झिजलेले दात आणि मागे सरकलेला जबडा पाहून पद्मजांनीच त्यांना झोपेच्या तपासणीला धाडलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी निदान केलं, झोपेत श्वास अडतो. उपाय पुन्हा पद्मजांच्याच हाती आला होता. मापाचे दोन साचे करायचे आणि रात्री दातांवर बसवायचे. खालचा जबडा पुढे राहतो, जीभ मागे पडत नाही, श्वासाला वाट मिळते.

"रात्री झोप होत नाही म्हणून दिवसा डोळा लागतो, भाऊ. हृदयावर ताण येतो. जिवाशी खेळ आहे हा."

"साचे लावले अन् कीर्तनात समाधी नाही लागली तर?"

"तर कीर्तन ऐकू येईल."

शेषराव माप न देताच उठले.

आपल्या गावी, उंद्रीत, शेषराव साधे असामी नव्हते. कीर्तनात पहिला अभंग सुरू झाला, की त्यांची मान कलायची आणि घोरणं लागायचं. भजनी मंडळाचे अध्यक्ष उद्धवराव त्याला आतला नाद म्हणत. बुवा घसा फोडून नामाचा महिमा सांगत, आणि देवाचं नाव ऐकायला जमलेलं गाव एका माणसाच्या घोरण्यापुढे हात जोडून बसे.

घरी कोकिळाबाई रात्रभर नवऱ्याच्या उशाशी बसत. श्वास थांबला की हलवत.

"आवो, बसवून घ्या न ते साचे. मले भेव वाटते."

"अन् लोक काय म्हन्तीन? महाराज तोंडात कवळी घालून झोपते?"

सप्ताहाचा शेवटचा दिवस. सकाळचं काल्याचं कीर्तन. शेषराव पहिल्या रांगेत घोरत होते, पायाशी हार पडले होते. मागे बायकांत, मंडपाच्या खांबाला टेकून कोकिळाबाईंचाही डोळा लागला. त्या बिचाऱ्या घोरतही नव्हत्या.

"उठवा बे त्या बाईले," उद्धवराव ओरडले. "कीर्तनात झोपते. लाज हाय का नाही काही?"

मृदंग थांबला. त्या शांततेनं शेषराव दचकून जागे झाले. कोकिळाबाई पदर सावरत उभ्या होत्या आणि गाव त्यांना हसत होतं.

शेषराव उठून थेट मागे गेले.

"हसू नका तिले. मी मरू नये म्हनून जागते ते रातभर. समाधी कायची अन् काय? मीबी इथं झोपतच होतो."

मग उद्धवराव गहिवरले. धावत येऊन त्यांनी शेषरावांचे पाय धरले.

"पाहा लोकहो, केवढा हा विनय!"

लोक पुढं सरसावले. शेषरावांनी पाय सोडवून घेतले, बायकोचा हात धरला आणि खामगावची जीप गाठली. "चाल, माप देऊन येऊ," एवढंच ते बोलले.

जीप अजून वळणाआडही गेली नव्हती, तोच उद्धवराव त्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.