रायफल माणसाच्या मागून निघते

"घेऊन जा," ओटिस म्हणाला आणि बापाची रायफल त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

वेंडेलला आधी थट्टाच वाटली. तो आला होता मित्राला गाडीत घालून हेलेना शहरात, राज्याच्या राजधानीत न्यायला. आज तिथे नव्या कायद्यावर सुनावणी होती. माणूस स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करील अशी घरच्यांना भीती वाटली, तर कोर्टाने त्याच्या बंदुका काढून घ्यायच्या, असा तो कायदा. वेंडेल त्याच्या विरोधात बोलणार होता, आणि बाहेर पायऱ्यांवर आमच्या खोऱ्यातले सगळे कमरेला पिस्तूल लावून उभे राहणार होते. ओटिसच्या कमरेलाही नेहमीचं रिव्हॉल्व्हर होतं. पण यायचं त्याने साफ नाकारलं.

"मला नाही जमायचं. ही तेवढी तुझ्याकडे राहू दे. तुझा पहिल्यापासून डोळा आहे तिच्यावर."

होताच. त्या रायफलीसाठी वेंडेलने तरुणपणी घोडा देऊ केला होता, आणि ओटिसने त्याला हसून वाटेला लावलं होतं. आज ती आपणहून समोर आली. वेंडेलने बोल्ट मागे ओढून ती रिकामी आहे ना, हे पाहिलं. मग अक्रोडाच्या दस्त्यावरून हात फिरवत लहान पोरासारखा खुलला. आजच्या दिवसाचा मान म्हणून ओटिसने आपल्याला ती दिली, असं त्याने मनाशी धरलं. माणसाला हवं ते मिळालं की अक्कल जरा बाजूला बसते.

नाहीतर त्याला शेल्बी आठवायला हवी होती. शेल्बी ही ओटिसची मुलगी, पलीकडच्या गावात राहते. तिने मागच्याच आठवड्यात वेंडेलला फोन केला होता. आई गेल्यापासून बाबा धड जेवत नाहीत, बोलता बोलता मध्येच गप्प होतात. काका, थोडे दिवस त्यांच्या बंदुका तुमच्याकडे ठेवाल का, मला फार भीती वाटते. वेंडेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुझा बाप काय कुक्कुलं बाळ आहे का, त्याने विचारलं. आज मुलगी मागते, उद्या शेरीफ मागेल. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. पोरगी रडायला लागली तसा त्याने फोन ठेवून दिला.

ओटिसने तेलाची बाटली, साफ करायचा गज, काडतुसांचा डबा असं सगळं पिशवीत भरून दिलं. शॉटगन काल पाद्रीबाबांना देऊन टाकली म्हणाला. कुत्रीलाही शेजारी बर्निसकडे सोडली म्हणाला. वेंडेल हो हो करत होता. त्याचं सगळं लक्ष दस्त्यावर.

रायफल दोन्ही हातांवर घेऊन तो अंगणात आला. कुंपणापलीकडे म्हातारी बर्निस वाळत घातलेल्या चादरी काढत होती. तिने त्याला पाहिलं, त्याच्या हातांवरची रायफल पाहिली, आणि तिच्या हातातली चादर खाली पडली.

"अरे देवा," ती म्हणाली. "कधी गेला रे ओटिस?"

वेंडेल जागच्या जागी थिजला. आमच्याकडे रायफल माणसाच्या मागून निघते. माणूस पुरला जातो, गावजेवण होतं, मग थोरलं मूल ती उचलून आपल्या घरी नेतं. जित्या माणसाच्या दारातून बापाची रायफल कधी बाहेर पडत नाही. ही रीत वेंडेलला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक होती. बर्निसला काही न सांगता तो तसाच मागे फिरला.

ओटिस टेबलापाशीच बसलेला होता.

"कमरेची पण दे," वेंडेल म्हणाला.

"तूच ना आज तिकडे सांगणार, कुणी कुणाची घ्यायची नाही म्हणून?"

"सांगणार होतो. दे इकडे."

ओटिसने पट्टा सोडायला घेतला, पण बक्कल काही निघेना. शेवटी वेंडेलने वाकून ते काढलं. रिव्हॉल्व्हर भरलेलं होतं. त्याने गोळ्या काढून खिशात टाकल्या.

"तू गेलास की," ओटिस म्हणाला, आणि पुढे त्याला बोलवेना. तो हुंदके देऊन रडायला लागला. वेंडेलला जन्मात इतकी भीती वाटली नव्हती, आणि स्वतःची इतकी लाजही. त्याने मित्राच्या मानेवर हात ठेवला आणि सांगितलं की हेलेनाची सुनावणी गेली खड्ड्यात. आता माझ्या घरी चलायचं, आणि मी सांगेपर्यंत तिथेच राहायचं. ओटिस मुकाट्याने उठला आणि कोट शोधायला आत गेला.

तेवढ्यात वेंडेलच्या डोळ्यांपुढे आपलं घर आलं. तो एकटा राहतो. बैठकीची भिंत बंदुकांनी भरलेली. उशाशी पिस्तूल. स्वयंपाकघराच्या खणात एक. अंघोळीच्या खोलीत टॉवेलांमागेसुद्धा एक, आणि याचा त्याला आजवर अभिमानच होता. त्याने ओसरीवर येऊन शेल्बीला फोन लावला.

"काका, बाबा बरे आहेत ना?" तिने विचारलं. "त्यांच्या बंदुका काढून घेतल्या का?"

"त्याच्या घेतल्या. त्याला माझ्याकडे राहायला आणतोय," वेंडेल म्हणाला. "आता तू लवकर माझ्या घरी जा पोरी, आणि माझ्या सगळ्या काढून ने."